युरोपच्या नागरिक चळवळीत पाऊल टाकताना: नव्याने आलेल्या मराठी माणसासाठी

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची रांग लागली की मला हमखास एक प्रश्न येतो. "ताई, तुम्ही त्या निळ्या झेंडेवाल्यांच्या बैठकांना जाता म्हणे. पण आपल्याला इथे मत कुठे आहे? मग आपलं तिथे काय काम?" निळा झेंडा म्हणजे युरोपीय महासंघाचा, २७ देशांच्या संघटनेचा. विचारणारा बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांपूर्वी जर्मनीत आलेला असतो. खिशात ब्लू कार्ड (उच्चशिक्षित कामगारांचा रहिवासी परवाना), जर्मन जेमतेम, पण उत्सुकता खरी. रांगेत उभ्याउभ्या या प्रश्नाचं पुरतं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मत नसलं तरी बरीच दारं आपल्याला उघडी आहेत. कोणतं दार कुणाला उघडतं एवढं आधी माहीत हवं. ते माहीत नसल्यामुळे उत्साहाने आलेली माणसं पहिल्याच महिन्यात बंद दारावर थाप मारून परत गेलेली मी पाहिली आहेत.

आधी कोण काय ठरवतं ते समजून घ्या

एक संध्याकाळ यासाठी द्या. युरोपीय महासंघात कायद्याचा मसुदा युरोपीय आयोग मांडतो. तो मंजूर करतात दोघे: लोकांनी निवडलेली ७२० सदस्यांची युरोपीय संसद आणि २७ देशांच्या मंत्र्यांची परिषद. या दोघांच्या वर, दिशा ठरवायला, सरकारांच्या प्रमुखांची युरोपीय परिषद असते. १ डिसेंबर २०२४ पासून तिचे अध्यक्ष आहेत आंतोनियु कोश्ता. त्यांचं मूळ घराणं आपल्या मडगावचं, घरातलं लाडकं नाव बाबुश. स्ट्रासबुर्गची ४६ देशांची 'काउन्सिल ऑफ युरोप' ही संस्था पूर्ण वेगळी आहे, महासंघाशी ती मिसळू नका. पहिल्या बैठकीत नवखा माणूस इथेच अडखळतो.

आता दुखणं कुठे आहे ते बघा. कर, परराष्ट्र धोरण अशा विषयांत अजून एकमत लागतं, म्हणजे २७ पैकी एक सरकार अडून बसलं की सगळं अडतं. युरो वापरणाऱ्या देशांचे अर्थमंत्री 'युरोग्रुप' म्हणून भेटतात. ही भेट अनौपचारिक असते असं खुद्द महासंघाच्या करारातच लिहिलेलं आहे. तरी २०१५ मध्ये कर्जात बुडालेल्या ग्रीसच्या पेन्शनचं, पगारांचं, बँकांचं काय होणार याची खरी चर्चा याच बंद दाराआड झाली. त्या वर्षी ५ जुलैला ग्रीसमध्ये सार्वमत झालं आणि ६१ टक्के लोकांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या. पुढे आठवडाभरात त्याच धर्तीच्या अटी त्या देशाने स्वीकारल्या. पुरोगामी युरोपीय चळवळींचा राग आणि आशा दोन्ही या प्रसंगातून समजतात. देश अधिक जवळ यावेत हे त्यांना हवंच आहे. मात्र जवळ आलेल्या देशांचा कारभार उघड्यावर चालावा, लोकांना उत्तर देणारा असावा आणि त्याचा भार गरिबांवर पडू नये, ही त्यांची अट आहे.

ही मागणी कालची नाही. मुसोलिनीने आपल्या विरोधकांना टिरेनियन समुद्रातल्या व्हेंटोटेने या लहानशा बेटावर नेऊन ठेवलं होतं. तिथे १९४१ मध्ये आल्तिएरो स्पिनेल्ली आणि एर्नेस्तो रोस्सी यांनी एक जाहीरनामा लिहिला. देशादेशांत वाटलेल्या युरोपातून पुन्हा पुन्हा युद्धच निघेल, तेव्हा एक लोकशाही संघराज्य उभं करा, असा त्याचा आशय. सिगारेटच्या पातळ कागदांवर तो उतरवला होता असं सांगतात. बेटावरून तो मुख्य भूमीवर पोचवण्यात उर्सुला हिर्शमान या जर्मन ज्यू कार्यकर्तीचा मोठा वाटा होता. तिचं नाव मात्र स्पिनेल्लीच्या मानाने फारच कमी घेतलं जातं, आणि मला ते खटकतं. ऑगस्ट १९४३ मध्ये मिलानला याच मंडळींनी युरोपीय संघराज्यवादी चळवळ स्थापन केली. पुढे ६ ऑगस्ट १९५० रोजी सुमारे ३०० विद्यार्थी फ्रान्स-जर्मनी सरहद्दीवर विसेंबुर्गजवळ जमले आणि त्यांनी सरहद्दीचे अडसर उखडून जाळले. आज त्या भागातून गाडीने जाताना सरहद्द कधी ओलांडली हे कळतही नाही. म्हणून नवीन माणसाला मी महासंघाच्या ब्रुसेल्समधल्या काचेच्या इमारतींआधी त्या बेटाबद्दल सांगते.

तुमच्या कागदांवर काय काय उघडतं

आपल्यापैकी बहुतेकांकडे भारतीय पासपोर्ट आणि इथला रहिवासी परवाना असतो. युरोपीय संसदेच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही, आणि पुढे जिच्याबद्दल सांगणार आहे त्या दहा लाख सह्यांच्या मोहिमेत सही करता येत नाही. या दोन गोष्टी बंद. पण युरोपीय संसदेकडे याचिका करता येते, महासंघाच्या संस्थांकडून कागदपत्रं मागता येतात, त्या संस्थांनी कामात हयगय केली तर युरोपीय लोकपालाकडे तक्रार नेता येते. या तिन्हींसाठी महासंघातल्या कोणत्याही देशात रहिवास पुरतो. सभेला जाणं, संघटनेचं सदस्य होणं, पत्रकं वाटणं हेही आलंच.

स्थानिक निवडणुकांचं देशागणिक वेगळं आहे. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्वच लागत नाही. स्वीडनमध्ये तीन वर्षांच्या आणि नेदरलँड्समध्ये पाच वर्षांच्या सलग रहिवासानंतर परक्या नागरिकालाही नगरपालिकेला मत देता येतं. जर्मनीत युरोपीय महासंघाबाहेरच्या माणसाला तेही नाही. ही तफावत अन्यायाची आहे असं माझं मत आहे आणि मी ते बैठकीत बोलून दाखवते.

गोव्याच्या मंडळींनी इथे कान द्यावा. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले अनेक गोंयकार स्वतःला 'इथे कामापुरते' समजतात. पण त्या पासपोर्टने तुम्ही युरोपीय महासंघाचे पूर्ण नागरिक आहात. जर्मनीत राहत असाल तर इथल्या नगरपालिकेला आणि युरोपीय संसदेला मत देऊ शकता, उभेही राहू शकता. एकच काळजी घ्या: संसदेच्या निवडणुकीसाठी जर्मनीत पहिल्यांदा मत द्यायचं असेल तर मतदार यादीत नाव घालण्याचा अर्ज मतदानाच्या २१ दिवस आधीपर्यंत पोचला पाहिजे, ते आपोआप होत नाही. आणि मत एकाच देशात द्यायचं, पोर्तुगालमध्ये आणि इथे असं दोनदा नाही.

परवाना जाईल का, ही भीती जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते. जर्मनीच्या रहिवास कायद्याच्या कलम ४७ मध्ये परदेशी नागरिकांना सर्वसाधारण कायद्याच्या चौकटीत राजकीय काम करता येतं असं स्पष्ट म्हटलं आहे. हिंसा किंवा घटनेविरुद्धचं काम यांना अर्थातच बंदी आहे. कंपनीचा ईमेल, कंपनीचा लॅपटॉप आणि कामाची वेळ मात्र या कामाला वापरू नका.

गट निवडताना

एकाच गटाचं नाव ऐकून लगेच फॉर्म भरू नका. दोन-तीन ठिकाणी जाऊन बसा, मग ठरवा.

संघराज्याचा जुना धागा धरून चालणाऱ्यांची तरुण शाखा म्हणजे 'यंग युरोपियन फेडरॅलिस्ट्स'. विद्यार्थी असाल तर सगळ्यात सोपी सुरुवात इथे होते, कारण विद्यापीठांच्या शहरांत त्यांचे गट असतात. 'पल्स ऑफ युरोप' २०१६ च्या अखेरीस आमच्या फ्रँकफर्टमध्ये सुरू झाली. ब्रेक्झिटच्या कौलाने हादरलेली साधी माणसं रविवारी दुपारी दोन वाजता चौकात जमू लागली, आणि २०१७ च्या वसंतात हे लोण अनेक शहरांत पोचलं. त्यांची एक रीत मला फार आवडते: चार-आठ जण कुणाच्या तरी घरी बसून एका ठरलेल्या प्रश्नावर चर्चा करतात आणि निष्कर्ष राजकारण्यांकडे पाठवतात. जर्मन बोलण्याची भीती वाटणाऱ्याला स्वयंपाकघरातल्या टेबलासारखी दुसरी जागा नाही.

उघडपणे पुरोगामी असलेली चळवळ म्हणजे डीएम२५. ९ फेब्रुवारी २०१६ रोजी बर्लिनच्या फोक्सब्यूने नाट्यगृहात तिची घोषणा झाली. पुढाकार यानिस वारुफाकिस आणि स्रेच्को होर्वात यांचा. वारुफाकिस हे ग्रीसचे २०१५ मधले अर्थमंत्री, युरोग्रुपचं बंद दार आतून पाहिलेले. त्यामुळे महत्त्वाच्या बैठका थेट प्रक्षेपित करा ही मागणी पहिल्या दिवसापासून जाहीरनाम्यात होती. नावातलं २५ म्हणजे २०२५, तोपर्यंत युरोप लोकशाहीवादी करण्याचं लक्ष्य. ते वर्ष उलटलं, लक्ष्य गाठलं गेलं नाही. ग्रीसमधल्या त्यांच्या मेरा२५ पक्षाने २०१९ मध्ये संसदेत ९ जागा मिळवल्या आणि २०२३ मध्ये सगळ्या गमावल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही देशोदेशीचे सदस्य एकाच ठरावावर ऑनलाइन मतदान करतात, आणि सदस्य व्हायला युरोपचा पासपोर्ट लागत नाही. नव्याने आलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

'व्होल्ट' हा २०१७ मध्ये स्थापन झालेला, अनेक देशांत एकाच नावाने निवडणूक लढवणारा पक्ष आहे. २०१९ मध्ये युरोपीय संसदेत त्यांचा एक प्रतिनिधी होता, २०२४ मध्ये पाच झाले. पक्षात जायचं की चळवळीत, हा तुमचा निर्णय. माझा सल्ला एवढाच की पहिलं वर्ष चळवळीत घालवा. निवडणुकीच्या धामधुमीत नवख्याला शिकवायला कुणाला सवड नसते.

गट पारखताना दोन प्रश्न विचारा. सध्या तुमची ठोस मागणी कोणती, आणि ती नेमकी कोणत्या संस्थेकडे आहे? उत्तर "युरोप एक व्हावा" इतकंच आलं तर चहा पिऊन या, दुसरा गट शोधा.

पहिली बैठक

वेळेवर जा. सातची बैठक म्हणजे सात. बोलायचं असेल तर हात वर करा, कुणीतरी क्रमाने नावं लिहून घेतं, मग तुमची पाळी येते. मध्येच बोलणं उद्धटपणाचं समजतात, त्यामुळे आपल्याकडच्या बैठकीची सवय थोडी आवरावी लागते. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवले तर ती सहमती. इंग्रजीत बोललात तरी चालतं, पण पहिलं वाक्य जर्मनमध्ये म्हणा. माणसं सैलावतात.

आपल्याकडे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्यावर चळवळ उभी असते. इथेही तेच आहे, फक्त सतरंजीऐवजी घडीचं टेबल. पहिल्या दिवशी मतं मांडण्याऐवजी एखादं काम मागून घ्या. मी बैठकीचं इतिवृत्त लिहायला घेतलं होतं. माझं जर्मन तेव्हा कच्चं होतं, शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिका माझी वाक्यं दुरुस्त करायच्या. सहा महिन्यांत विषयही कळले आणि भाषाही.

याचिका: इथे तुमचा आवाज पूर्ण मोजला जातो

हा भाग नीट वाचा, कारण परक्या पासपोर्टवाल्याच्या हातातलं सगळ्यात पक्कं साधन हेच आहे. युरोपीय महासंघाच्या कामकाजविषयक कराराच्या कलम २२७ नुसार महासंघातल्या कोणत्याही रहिवाशाला संसदेकडे याचिका करता येते. एकाची सही पुरते.

पहिली कसोटी: विषय महासंघाच्या अधिकारातला हवा, आणि त्याची झळ तुम्हाला स्वतःला लागलेली हवी. घरमालकाने डिपॉझिट दिलं नाही, हा नाही. परदेशी नागरिक कार्यालयात अपॉइंटमेंट मिळत नाही, हाही वरवर पाहता शहराचाच प्रश्न. पण तुमचा ब्लू कार्डाचा पूर्ण अर्ज पोचून ९० दिवस झाले आणि निर्णय नाही, असं असेल तर चित्र बदलतं, कारण ही ९० दिवसांची मुदत महासंघाच्या २०२१ च्या ब्लू कार्ड निर्देशात (सदस्य देशांनी आपल्या कायद्यात उतरवायच्या नियमात) आहे. तक्रार तीच, पण आता तिला युरोपीय कायद्याचा आधार मिळाला. असे धागे शोधणं हेच गटाचं खरं काम. एकट्याने शोधत बसू नका, बैठकीत कागद टेबलावर ठेवा.

मग एका पानात लिहा. आधी घटना तारखांच्या क्रमाने, मग कोणत्या युरोपीय नियमाचा भंग होतो ते, शेवटी संसदेने काय करावं ते. राग असेल, तो पहिल्या मसुद्यात काढा आणि तो मसुदा घरी ठेवा. २४ अधिकृत भाषांपैकी कोणतीही चालते. मराठी त्यात नाही, साधं सोपं इंग्रजी पुरेसं. नाव, राष्ट्रीयत्व आणि पत्ता द्यावा लागतो. याचिका सार्वजनिक होऊ शकते, त्यामुळे नाव गुप्त ठेवायचं असेल तर ते दाखल करतानाच नोंदवा. संसदेच्या याचिका संकेतस्थळावर खातं उघडून किंवा पोस्टाने पाठवता येते. पुढे याचिका समिती ती ग्राह्य आहे का ते ठरवते आणि बहुधा आयोगाचं म्हणणं मागवते. यात महिने जातात. समिती न्यायालय नाही, तुमचा परवाना ती काढून देणार नाही. पण एकाच विषयावर पाच शहरांतून पाच याचिका गेल्या तर तो विषय सभागृहात बोलला जातो.

याच्या जोडीला कागदपत्रं मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज केलेला मराठी माणूस इथे चटकन रुळतो, कारण आपल्या राज्यात या अधिकारासाठी मोठी लढाई झाली आणि २००५ च्या देशव्यापी कायद्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता. तिकडे दहा रुपये आणि तीस दिवस, इथे अर्जाला शुल्क नाही आणि उत्तराला १५ कामाचे दिवस. तिकडचा अधिकार भारतीय नागरिकांनाच आहे, इथे मात्र रहिवाशालाही. कारण सांगावं लागत नाही. 'सगळी कागदपत्रं द्या' असं लिहू नका. अमुक महिन्यांतल्या अमुक विषयावरच्या बैठकांची इतिवृत्तं, असं नेमकं मागा. नकार आला तर १५ कामाच्या दिवसांत फेरविचाराचा अर्ज, आणि तोही फेटाळला तर लोकपाल.

दहा लाख सह्या

युरोपियन सिटिझन्स इनिशिएटिव्ह, म्हणजे सह्या गोळा करून आयोगाकडे कायद्याची मागणी करणं, ही २०१२ पासूनची तरतूद. एका वर्षात दहा लाख नागरिकांच्या सह्या, आणि किमान सात देशांत ठरलेला आकडा पार करायचा. जर्मनीसाठी तो आता ६९,१२०, माल्टासाठी ४,३२०. एवढं जमलं की आयोगाला औपचारिक उत्तर द्यावंच लागतं. कायदा आणण्याचं बंधन मात्र नाही, आणि हे सही करणाऱ्याला आधीच सांगा.

पहिली यशस्वी मोहीम पाण्याच्या हक्काची होती. सार्वजनिक सेवांतल्या कामगार संघटनांनी ती चालवली आणि १६ लाखांहून अधिक ग्राह्य सह्या मिळवल्या. सह्या चालू असतानाच, २०१३ मध्ये, आयोगाने खासगी कंत्राटांच्या नव्या नियमांतून पाणी वगळलं. पुढे २०२० च्या पिण्याच्या पाण्याच्या निर्देशात वंचित लोकांपर्यंत पाणी पोचवण्याची जबाबदारी आली. याच्या उलट, पिंजऱ्यातल्या पशुपालनाविरुद्धच्या मोहिमेला जवळजवळ १४ लाख सह्या मिळाल्या, आयोगाने २०२३ अखेर प्रस्ताव आणण्याचा शब्द २०२१ मध्ये दिला, आणि ती मुदत प्रस्तावाविना गेली. दोन्ही गोष्टी टेबलावर येणाऱ्याला सांगते मी. खरं ऐकून सही करणारा माणूस पुढच्या वेळीही थांबतो.

आपल्याला सही करता येत नाही, पण टेबलामागे उभं राहायला कुणाची मनाई नाही. जर्मनीत रस्त्यावर टेबल मांडायला नगरपालिकेची परवानगी काढावी लागते. सभा घ्यायची तर ती जाहीर करण्याच्या किमान ४८ तास आधी प्रशासनाला कळवावं लागतं. ९ मे या युरोप दिनाला जागा मिळवायची तर अर्ज फार आधी टाका, तेव्हा सगळ्यांनाच चौक हवे असतात.

सामान साधं न्या. पेनं दहा, कारण पाच जातात. वाऱ्यात कागद उडू नयेत म्हणून चिमटे. थर्मासमध्ये चहा, आल्याचा केलात तर शेजारच्या टेबलावरची माणसंही येतात. पत्रक हातात कोंबू नका, आधी विचारा: "पाण्याचं बिल कोण ठरवतं, माहीत आहे?" संध्याकाळी सह्यांचे कागद मोजा, एकाच पाकिटात घाला आणि जबाबदार माणसाच्या हाती द्या, कारण त्यावर लोकांचे पत्ते आणि जन्मतारखा असतात. उरलेली पत्रकं कोरडी ठेवून परत आणा, पुढच्या शनिवारी तीच लागतात.